आजचे चिंतन : फासे शकुनीचे, पैज दुर्योधनाची



आजचा प्रसंग सभापर्वातला. द्यूताआधी दुर्योधन सांगतो, धन मी लावीन, पण माझ्या वतीने फासे शकुनीमामा टाकेल. युधिष्ठिर तिथेच म्हणतो, एकासाठी दुसऱ्याने खेळणं मला योग्य वाटत नाही. म्हणजे कळलं होतं त्याला! तरी तो बसला, कारण आव्हान आलं की मागे हटायचं नाही हे त्याचं व्रत.

आता २०१४ मध्ये या. काउंटर-स्ट्राइकमधली आयबायपॉवर ही अमेरिकेतली तगडी टीम, दुबळ्या समजल्या जाणाऱ्या नेटकोडगाइड्सकडून १६-४ अशी हरली. पुढे उघड झालं की हरणं आधीच ठरलं होतं. बेटिंग दुसऱ्याच्या अकाउंटवरून झालं होतं, तेही गेममधल्या महागड्या स्किन्स लावून. जानेवारी २०१५ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने ७ जणांवर बंदी घातली. खेळणारा एक, लावणारा दुसरा. सेटिंग तेच!

ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आणि पैसे लावायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आणली. नाशिकमधल्या गेम खेळणाऱ्या पोरांसाठी ही चांगलीच गोष्ट. पण "टीमसाठी एवढी एक मॅच सोड ना" असा मेसेज रात्री येतो, तेव्हा शेजारी कायदा बसलेला नसतो. आपण असतो आणि आतला आवाज असतो. युधिष्ठिराने तो ऐकला, बोलूनही दाखवला, फक्त उठला नाही.

आजचा संकल्प : शंका आली की पहिला फासा पडण्याआधीच उठायचं. शब्द दिला असला, मित्र रुसला, तरीही.

राम कृष्ण हरी 🙏