उघड्या खाणीतील हिशेब

खाणीतील उत्तम खनिज तेवढे आधी उपसावे, असा मोह साहजिक आहे. परंतु मागाहून उरलेले हलके खनिज एकटे कोणासही नको असते. समजा, उघड्या खाणीच्या एका पायरीवर शेकडा ६४ व दुसरीवर शेकडा ५८ लोह असलेले खनिज आहे. आणि कारखान्यास रोज ३००० टन, निदान शेकडा ६० लोहाचे, हवे. तर पहिलीतून १००० व दुसरीतून २००० टन घ्यावे. मिश्रण नेमके साठाचे होते. पायऱ्या अनेक व यंत्रे मोजकी असली, म्हणजे हा हिशेब तोंडी होत नाही. अशा प्रश्नांसाठी अमेरिकन गणिती जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ साली ‘सिम्प्लेक्स’ रीत शोधिली. आज संगणक तिच्या साह्याने आठवड्याची योजना आखितात. भूमीतून काढिलेले खनिज पुन्हा उगवत नाही. म्हणून हा हिशेब काटेकोर हवा.