दोष, लाज आणि भीती

सुवार्ता सांगताना आपण बहुधा “तुम्ही पापी आहात, देव क्षमा करील” येथून सुरुवात करतो. हे सत्यच आहे. पण ऐकणाऱ्याला टोचते ते दुसरेच असेल तर?

बायबल भाषांतराचे अभ्यासक युजीन नायडा यांनी १९५४ साली लिहिले की, चूक घडल्यावर समाजासमाजांत तीन प्रतिक्रिया दिसतात : भीती, लाज आणि दोषभावना. उत्पत्ती ३ मध्ये तिन्ही एकत्र आहेत. आज्ञा मोडली, हा दोष. उघडेपण कळून पाने शिवली, ही लाज. देवाची चाहूल लागताच झाडांआड लपले, ही भीती.

आपल्याकडे लाजेचे वजन फार. “लोक काय म्हणतील?” हा प्रश्न न्यायाधीशापेक्षा कडक असतो, आणि एकाच्या वागण्याने साऱ्या घराचे नाक कापले जाते. अशा घरात लूक १५ सांगा. धाकट्याने बाप जिवंत असताना वाटणी मागितली, सगळे उधळले, डुकरे राखली. तरी घरचा कर्ता माणूस, मान बाजूला ठेवून, धावत गेला. “मला मजूर ठेवा” हे शब्द मुलाच्या तोंडून निघण्याआधीच झगा, अंगठी, जोडा मागवला. क्षमा झालीच, पण मुलगा म्हणून त्याची जागाही परत मिळाली.

करणीच्या धास्तीने ताईत बांधणाऱ्याला मात्र आधी कलस्सैकरांस २:१५ ऐकू द्या : वधस्तंभावर ख्रिस्ताने सत्तांना नि:शस्त्र केले.

आणि बाप्तिस्म्यामुळे घरच्यांनी तोडलेला तो भाऊ? रविवारी उपासनेनंतर तो कोणाच्या घरी जेवतो, ते पाहा.