न्यायाचे दुसरे अंग

अपराधी पकडला गेला, न्यायालयात त्याचा अपराध सिद्ध झाला व त्याला शिक्षा झाली, म्हणजे न्याय पुरा झाला, असे पुष्कळांना वाटते. परंतु ज्याच्यावर आघात झाला, त्याचे पुढे काय? समजा, कळंबच्या बाजाराहून परतणाऱ्या एका शेतमजुराचा लुटारूंनी वाटेत प्राण घेतला. लुटारूंना जन्मठेप झाली, तरी तेवढ्याने त्या मजुराच्या घरची चूल पेटत नाही. त्याच्या मुलांची सुटलेली शाळा पुन्हा सुरू होत नाही. अपराध्याला शासन करणे हे न्यायाचे एक अंग होय. पीडिताला पुन्हा उभे करणे हे दुसरे.

हे दुसरे अंग दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. अपराध्याच्या दंडातून भरपाई देण्याची तरतूद जुन्या कायद्यातही होती. परंतु अपराधी सापडलाच नाही, किंवा तो निष्कांचन असला, तर पीडिताच्या हाती काहीच येत नसे. १९६३ साली न्यूझीलंडने यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि भरपाईचा भार सरकारने उचलला. भारतात २००९ च्या अखेरीस अमलात आलेल्या दुरुस्तीने प्रत्येक राज्याने अशी योजना करावी, असे ठरले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही ही तरतूद कायम ठेवली आहे.

पीडिताचा पहिला हक्क म्हणजे त्याची फिर्याद नोंदली जाणे. तुळजापूरच्या यात्रेस पायी आलेल्या सोलापूरच्या भाविकाला वाटेत कोणी लुटले, तर तो सोलापुरास परतल्यावरही फिर्याद देऊ शकतो. गंभीर गुन्हा आपल्या हद्दीत घडला नाही, एवढ्याच कारणाने पोलिसांना ती नाकारता येत नाही. नोंदलेल्या फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते, आणि तपास कोठवर आला हे ९० दिवसांच्या आत पीडिताला कळवावे लागते.

भरपाईसाठी धाराशिव जिल्ह्यातील पीडिताने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. जिल्हा न्यायाधीश या संस्थेचे अध्यक्ष असतात. भूम, परांड्याचा असो की उमरग्याचा, कोणीही पीडित तेथे अर्ज करू शकतो. अपराधी सापडला नाही, म्हणून खटलाच उभा राहिला नाही, तरी अर्ज करता येतो. प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पुरी करून भरपाई ठरवावी, असे कायदा सांगतो. स्त्रिया, बालके, अपंग आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न घालता विनामूल्य वकीलही मिळतो. अत्याचार किंवा आम्लहल्ला यांना बळी पडलेल्या स्त्रिया व बालकांसाठी महाराष्ट्र शासनाने २०१३ साली ‘मनोधैर्य’ योजना सुरू केली. तिच्यातून अर्थसाहाय्याबरोबरच मनाला सावरणारे समुपदेशनही मिळते.

गेलेला माणूस पैशाने परत येत नाही, हे खरे. तथापि ही मदत भीक नव्हे. तो हक्क आहे. हक्क ठाऊक नसला, तर तो कायद्याच्या पुस्तकातच पडून राहतो. म्हणून संकटात सापडलेल्या शेजाऱ्याला हा मार्ग दाखविणे, हेही सुजाण नागरिकाचे कर्तव्य होय. संकटात सापडलेल्या मुलाने किंवा मुलीने मात्र गप्प बसू नये. विश्वासाच्या वडीलधाऱ्यांना सांगावे, अथवा १०९८ या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

शब्दार्थ : शासन करणे – शिक्षा करणे, निष्कांचन – अतिशय गरीब, प्राधिकरण – कायद्याने अधिकार दिलेली संस्था, समुपदेशन – धीर व सल्ला देणे.

स्वाध्याय
१. न्यायाची दोन अंगे कोणती?
२. जुन्या तरतुदीत कोणती उणीव होती?
३. ‘ही मदत भीक नव्हे, तो हक्क आहे,’ हे विधान स्पष्ट करा.