सुरतेच्या ऑर्डरीबद्दल

चि. निखिल,

सुरतेच्या पार्टीने घाऊक खरेदी-विक्रीच्या पोर्टलवरून टॉवेलची मोठी ऑर्डर दिली, साठ दिवसांची उधारी मागितली आणि माल याच आठवड्यात हवा म्हणते, हे वाचलं. आपण सोलापुरातून दलालामार्फत माल द्यायचो तेव्हा पार्टी कशी आहे हे दलाल सांगायचा आणि पैसे अडले तर वसुलीलाही तोच जायचा. पोर्टलवर तो नाही. तिथे ‘व्हेरिफाइड’चा शिक्का असतो, पण त्याने फार तर कागद तपासल्याचं कळतं, देण्याची दानत कळत नाही. म्हणून दलालाचं काम आता तुलाच करायचं आहे.

आधी त्यांचा जीएसटी नंबर घे. पंधरा अक्षरांतले पहिले दोन आकडे राज्याचे: गुजरातचे २४, आपले २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. नंबरातलं सहावं अक्षर बघ. कंपनीला तिथे ‘सी’ असतो, भागीदारीला ‘एफ’, एकट्याच्या धंद्याला ‘पी’. लेटरहेडवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि नंबरात ‘पी’ असेल तर पुढे बोलूच नकोस. जीएसटीच्या पोर्टलवर नोंदणी कधीची, चालू की रद्द, रिटर्न भरतात का, हे फुकट दिसतं. नंबर खरा निघाला तरी तो दुसऱ्याच कोणाचा उचललेला असू शकतो. त्यामुळे त्यांनी दिलेल्या मोबाइल नंबरावर विसंबू नकोस. सुरतेच्या मार्केटात गाड्या लावणाऱ्या आपल्या ट्रान्सपोर्टवाल्याला विचार. त्या पत्त्यावर गोडाऊन आहे का, तिथे माल उतरतो का, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसेल.

साठ दिवस मान्य करू नकोस. आपली उद्यम नोंदणी आहे, माल आपण स्वतः बनवतो. २००६च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. तक्रारही करता येते. पण तिचा निकाल लागेपर्यंत आपला सूतवाला थांबणार नाही. म्हणून पहिला लॉट एवढाच ठेव की तो अंगावर पडला तरी कामगारांचा पगार अडू नये. निम्मे पैसे आगाऊ घे, उरलेले माल निघण्याआधी. खरी पार्टी यावर घासाघीस करेल, पण चिडणार नाही. घाई करून रागावणाऱ्याची मला भीती वाटते.

आणखी एक, सूत खरेदीबद्दल. ‘आमचं खातं बदललं, पैसे नव्या खात्यात टाका’ असा सूतवाल्याच्या नावाने मेल आला तर आपल्या जुन्या वहीतल्या नंबरावर फोन लावून विचार. एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस, एनईएफटी करताना खातेदाराचं नाव आधी बघता येतं; ते वाचल्याशिवाय बटण दाबू नकोस. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन कर, मला नंतर.

त्यांची परचेस ऑर्डर आली की पाठव. अटी मी वाचतो, मगच सही कर.

तुझा,
काका