पद्मिनीचा करंट

अगं, इलेक्ट्रॉनिक किट, रेसिंगची कॉइल आणि लाल सिलिकॉनच्या वायरी, सगळं एकाच वेळी मागवायला निघालीस म्हणे. बाबांच्या पद्मिनीवर खर्च करावासा वाटतो, याचा मला मनापासून आनंद आहे. पण पैसे भरण्याआधी ताईचं थोडं ऐक. तिन्ही वस्तू एकदम बसवल्यास आणि चाकूरच्या पुढे गाडी बंद पडली, तर कशानं पडली हे कुणालाच सांगता येणार नाही. आणि ती आज का मिसिंग मारते, हे तरी कुठे कुणी नीट पाहिलंय?

पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन चार सिलिंडरचं. ते मिनिटाला 3000 फेरे घेतं तेव्हा डिस्ट्रिब्युटरमधला सीबी पॉइंट सेकंदाला 100 वेळा उघडतो. दर वेळी कॉइलमधून हजारो व्होल्टचा झटका निघतो, रोटरवरून कॅपमध्ये जातो आणि 1-3-4-2 या क्रमानं प्लगला पोचतो. एवढं राबणारा पॉइंट झिजणारच. कॅमवर घासणारी त्याची टाच झिजली की गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे पडतं. मग गाडी चढावर दमते, तापते, पेट्रोल जास्त पिते. लोक लगेच म्हणतात, इंजिन खोला. मी म्हणते, आधी फिलर गेज घ्या. पुस्तकात दिलेला गॅप साधारण 0.4 ते 0.5 मिलीमीटरच्या मधला आहे. तो लाव, आणि गॅपला हात लावला की त्यानंतर टायमिंग बघायचंच. कॅमला थोडं ग्रीस लागतं, तेही लाव. फार नको, पॉइंटवर उडालं तर करंटच बंद होतो.

आता कंडेन्सर. हा एवढासा डबा, पण त्रास सगळ्यात जास्त तोच देतो. पॉइंट उघडताना तिथे ठिणगी उडू नये म्हणून तो असतो. तो बिघडला की पॉइंट काळे पडतात, आणि बऱ्याचदा तो गरम झाल्यावरच दगा देतो. सकाळी नांदेडहून निघालेली गाडी लोह्यापर्यंत सुरळीत, अहमदपूरच्या अलीकडे झटके, मग बंद. अर्धा तास उभी केली की पुन्हा चालू. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42 च्या वर जातो, त्यामुळे नेमकं असंच पेट्रोलचंही होतं. पंपात आणि नळीत त्याची वाफ धरते आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. लक्षणं तीच, कारण वेगळं. याच ठिकाणी माणसं चांगली कॉइल फेकून नवी घेतात.

म्हणून गाडी बंद पडली की त्याच क्षणी बघायचं, थंड झाल्यावर नाही. जास्तीचा एक प्लग डिकीत ठेव. एका प्लगची वायर काढून या प्लगला लाव, त्याचं लोखंड इंजिनला टेकव, इन्सुलेटेड पकडीनं धर, जवळ पेट्रोल सांडलेलं नाही हे बघ आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांग. निळी, टणक, चटचट आवाज करणारी ठिणगी आली तर करंट ठीक आहे, पेट्रोलकडे वळ. पंपावर ओलं फडकं टाकून थांब. ठिणगी पिवळी, मरतुकडी असेल किंवा येतच नसेल, तर आधी कंडेन्सर बदल, मग कॉइलवर संशय घे.

प्लगचा रंगही बघत जा. फिकट तपकिरी म्हणजे ठीक. काळा, कोरड्या काजळीचा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. तेलकट असेल तर दुखणं रिंगांत किंवा व्हॉल्व्हकडे आहे, ते कुठल्याही इग्निशननं जाणार नाही. पांढरट असेल तर मिश्रण पातळ आहे किंवा टायमिंग चुकलंय. हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आपल्या लातूर भागातले साखर कारखानेही इथेनॉल बनवतात. त्या पेट्रोलवर जुना कार्बोरेटर आधीपेक्षा पातळ मिश्रण देतो, म्हणून जेट आणि रबरी नळ्या एकदा तपासून घे.

इलेक्ट्रॉनिक किटच्या मी विरोधात नाही. पॉइंटच्या जागी लोहचुंबक आणि सेन्सर येतो, झिजायला काही उरत नाही, टायमिंग टिकतं. डिस्ट्रिब्युटरचं बुश झिजून शाफ्ट हलत असेल तर कितीही नवा पॉइंट घाल, गॅप दर फेऱ्याला बदलणार, ढिल्या खुंट्याचं जातं कधी नीट दळतं का? सेन्सर ते बरंच सांभाळून घेतो. पण आतली ॲडव्हान्सची वजनं गंजून अडकली असतील तर किटचाही उपयोग नाही. ती आधी मोकळी करून घे.

आणि किट कॉइलशी जुळायला हवं. काही कॉइल साधारण 3 ओहमच्या असतात, काही 1.5 च्या, त्यांच्या मागे बॅलास्ट रेझिस्टर लागतो. 12 व्होल्टवर 3 ओहम म्हणजे 4 अँपिअर. बॅलास्टविना 1.5 ओहमची लावलीस तर 8 अँपिअर वाहतील, पॉइंट जळतील नाहीतर मॉड्यूल. मल्टिमीटर शंभर-दोनशे रुपयांत येतो, दुकानातच ओहम मोजून घे. किटबरोबर वायरी रेझिस्टन्सच्याच घे, साध्या तांब्याच्या नकोत. इंजिन बंद आणि किल्ली ऑन ठेवून गाणी ऐकत बसायचं नाही, काही मॉड्यूल तेवढ्यानंच जातात. रेसिंगची कॉइल मात्र सोडून दे. आपलं इंजिन तेवढी ठिणगी मागतच नाही. तेच पैसे इंजिनच्या अर्थिंगच्या पट्टीवर, नव्या कॅपवर आणि रोटरवर घाल.

जुना पॉइंट प्लेटसकट आणि नवा कंडेन्सर डिकीत राहू दे. मॉड्यूल गेलं तर लातूरच्या गंजगोलाईजवळ ते कुणाकडे मिळणार नाही, पण पॉइंट बसवणारा जुना मिस्त्री चाकुरातही भेटेल. पॉइंटचे दोन सेट आताच घेऊन ठेव. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. हजारो टॅक्सींमुळे कुर्ल्यात हे पार्ट सहज मिळत, आता तेवढं गिऱ्हाईक कुठून येणार? कुठे मायकोच्या जुन्या खोक्यातले पॉइंट सापडले तर खुशाल घे. बंगळुरूच्या त्या कंपनीचं नाव 2008 मध्ये बॉश झालं, म्हणजे खोकं किती जुनं हे तुला कळेल. पॉइंट पडून राहिला तरी फारसा बिघडत नाही. कंडेन्सर मात्र ताजाच हवा, जुन्या साठ्यातला फुकट दिला तरी घेऊ नकोस.

गॅरेजमध्ये शेजारी उभी राहा. बदललेला प्रत्येक पार्ट परत माग, पिशवीत ठेव, वर तारीख लिही. मिस्त्री म्हणेल, "ताई, तुम्ही कशाला थांबायल्या उन्हात?" तरी थांब. तो आवाजावर टायमिंग लावेल, तेही बहुतेक बरं लावेल. दिवाळीला येते तेव्हा मी टायमिंग लाइट घेऊन येते, दोघी मिळून खुणेवर बघू. तोवर डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट पुन्हा कुणाला सैल करू देऊ नकोस.