‘घाशीराम कोतवाल’ : मानवी भिंत आणि सत्तासंघर्ष

नाटकाची संहिता वाचताना आपले लक्ष साहजिकच संवादांवर राहते आणि रंगसूचना आपण घाईने ओलांडून जातो. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाच्या बाबतीत ही सवय महागात पडते. या नाटकातील संघर्षाचा मोठा भाग बोलला जात नाही. तो रंगमंचावरील माणसांच्या उभे राहण्यातून, वळण्यातून आणि झुलण्यातून व्यक्त होतो.

१६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकर यांचे, तर नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची होती. कथानक पेशवाईच्या उत्तरकाळातील आहे. कनोजहून आलेला घाशीराम पुण्यात अपमानित होतो. सूडासाठी तो आपली मुलगी गौरी नाना फडणविसांच्या स्वाधीन करतो, त्या बदल्यात कोतवाली मिळवतो, शहराला छळतो आणि अखेर जमावाच्या हाती मारला जातो.

मानवी भिंत

रंगमंचावर वाडा नाही, देऊळ नाही, बावनखणी नाही. आहे ती ब्राह्मणांची एक रांग. ही रांग गाते, डोलते. क्षणात भाविकांचा समुदाय होते, क्षणात बाग, क्षणात बघ्यांची गर्दी. पुष्कळ अभ्यासक हिचे वर्णन ‘कल्पक नेपथ्य’ एवढ्यावरच थांबवतात. ते अपुरे आहे. नेपथ्य काही लपवत असले, तरी त्यासाठी त्याला जबाबदार धरता येत नाही. ही भिंत मात्र जिवंत माणसांची आहे. तिने पाठ फिरवली म्हणजे शहराने पाठ फिरवली. जे दिसू नये ते तिच्याआड घडते आणि ती गात राहते. भजनाचा सूर आणि लावणीचा ठेका एकाच रांगेच्या तोंडून ऐकू येतात, तेव्हा समाजाच्या दुटप्पीपणावर वेगळे भाष्य करण्याची गरज सूत्रधारालाही उरत नाही.

आता घाशीराम या भिंतीच्या संदर्भात कोठे उभा आहे, हे प्रवेशागणिक पाहत चला. आरंभी तो तिच्याबाहेरचा, परका आहे. बावनखणीत नाचताना नानांचा पाय दुखावतो, तेव्हा घाशीराम वाकून तो पाय सावरतो. सत्ता आणि लाचारी यांचे नाते या एका शरीरमुद्रेत सामावले आहे. पुढे रमण्यात दक्षिणेच्या वेळी चोरीचा खोटा आळ येतो आणि हीच रांग त्याच्यावर तुटून पडते. कोतवाल झाल्यावर चित्र उलटते : तो ताठ उभा आणि भिंत भेदरलेली. शेवटी तीच माणसे त्याचा जीव घेतात.

येथे सामाजिक परिवर्तनाचा प्रश्न उपस्थित होतो. तळातला माणूस अधिकारपदी पोचला, त्याच्या अपमानाचा हिशेब चुकता झाला. मग समाज बदलला का? रंगभाषेचे उत्तर नकारार्थी आहे. माणसांच्या जागा बदलल्या, रांग तशीच राहिली. घाशीरामाच्या वधानंतर रंगमंच ओस पडत नाही, उत्सव सुरू होतो; आणि ज्यांनी त्याला घडवले ते नाना त्या उत्सवात सुखरूप उभे असतात. नाच-गाण्याने आरंभलेले नाटक नाच-गाण्यातच संपते. पहिल्या वेळी आपण ठेका धरलेला असतो. दुसऱ्या वेळी तोच ठेका ऐकवत नाही.

नानांच्या चित्रणावरून या नाटकाला तीव्र विरोध झाला. आपले नाटक ऐतिहासिक नाही, अशी तेंडुलकरांची भूमिका होती. वादाची बाजू कोणतीही घ्या, पण एक रंगतांत्रिक बाब विसरू नका : केवळ एका व्यक्तीचे वाभाडे काढायचे असते, तर इतक्या माणसांना अखंड रंगमंचावर उभे ठेवण्याचे कारण नव्हते. नाना आणि घाशीराम यांच्याइतकीच भिंत ही या नाटकातील प्रमुख पात्र आहे.

स्वयंअध्ययन

गौरीचा मृत्यू कळल्यानंतर घाशीराम आणि नाना समोरासमोर येतात तो प्रवेश पुन्हा वाचा. संवाद बाजूला ठेवून, कोण कोणाकडे सरकतो, कोण मागे हटतो आणि त्या वेळी रांग कोठे असावी, याचा आराखडा कागदावर काढा. त्या आराखड्याच्या आधारे सुमारे १५० शब्दांत उत्तर लिहा : सूड घेण्याची संधी समोर असताना घाशीराम नानांऐवजी पुण्यावर का उलटतो?