गेट चुकल्यानंतरचं समत्व



आजचा श्लोक गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला, 38 वा. सुख-दुःख, लाभ-हानी, हार-जीत सारखीच मानून कर्माला उभा राहा, असं भगवंत अर्जुनाला सांगतात.

खरं सांगते, हा श्लोक मला टोचायचा. गेल्या वर्षी सीए फायनलला दुसऱ्यांदा नापास झाले. रडत होते आणि वर स्वतःवरच चिडत होते, 'रोज गीता वाचतेस ना, मग रडतेस कशाला?'

मग मिकेला शिफ्रिनबद्दल वाचलं. ही अमेरिकेची स्की रेसर. तिचा हातखंडा प्रकार स्लॅलम. बर्फाच्या उतारावर रोवलेल्या खांबांमधून नागमोडी वळणं घेत खाली यायचं. दोन फेऱ्यांची वेळ मिळून निकाल लागतो. एक गेट चुकलं की बाद! आधीची वळणं कितीही सुंदर घेतलेली असोत.

2014 साली सोचीला, वयाच्या अठराव्या वर्षी, ती स्लॅलमची ऑलिंपिक विजेती झाली. 2020 मध्ये तिचे वडील गेले. 2022 ला बीजिंगमध्ये ती जायंट स्लॅलममध्ये काही सेकंदांतच बाद झाली. दोन दिवसांनी स्लॅलममध्येही तेच. त्या दिवशी ती उताराच्या कडेला, बर्फातच, मान खाली घालून कितीतरी वेळ बसून राहिली.

पण आणखी दोन दिवसांनी ती सुपर-जीच्या शर्यतीला उभी होती. नववी आली. पुढे अजून एकदा बाद झाली. पदक एकही नाही. तरी शेवटच्या सांघिक शर्यतीपर्यंत ती उतरत राहिली.

पुढच्याच महिन्यात तिने वर्ल्ड कपचं एकूण विजेतेपद मिळवलं. मार्च 2023 मध्ये 87 वा विजय मिळवून स्टेनमार्कचा 86 विजयांचा विक्रम मोडला. 2025 मध्ये शंभरावा विजय.

पण माझं मन त्या नवव्या क्रमांकापाशीच थांबतं. त्या सकाळी तिला पुढचं यश थोडंच माहीत होतं? तरी ती स्टार्टला गेली. मला आजचा श्लोक तिथे दिसला.

समत्व म्हणजे डोळे कोरडे ठेवणं नव्हे. अर्जुनाचेही डोळे भरलेच होते. भगवंतांनी त्याला खडसावलं, पण रथातून उतरवलं नाही.

मी पुन्हा फॉर्म भरलाय. निकाल त्याच्या हाती, अभ्यास माझ्या.

आजचा संकल्प: जिथे चुकलात तिथे थोडं बसा, हवं तर रडा. मग समोरचं एकच काम हाती घ्या.

राम कृष्ण हरी!